मिन्यातलं अक्षर

पोहे करायचे की नुसता चहा ठेवायचा, हे प्रेरणाचं सकाळपासून ठरत नव्हतं. लेक आचलच्या साक्षगंधाला, म्हणजे साखरपुड्याला, याच पाहुण्यांना तिनं पोहे, चिवडा, बुंदीचे लाडू असं ताटभर वाढलं होतं. आता तेच लोक आपल्या थोरल्या पोराची तेरवी उरकून महिन्याभरानं पहिल्यांदा दारी येत होते. भरलेली बशी त्यांच्यापुढं सरकवणं जिवावर येत होतं, आणि नाचणगावाहून सिंदीपर्यंत आलेल्या माणसांना कोरड्या चहावर परत पाठवणंही.

"बाई, तुमीच सांगा आता," ती सासूला म्हणाली.

"चहा ठेव," सुलोचनाबाई म्हणाल्या. "चिवडा काढून ठेव, कोणी मागितला तं दे. कोणाच्या घशाखाली उतरणार हाय आज?"

नवरा धर्मेंद्र कापडाचं दुकान नोकरावर सोडून लवकर घरी आला होता. तो पंख्याखाली उभा होता, आणि पंखा बंद होता.

"येक सांगून ठेवतो," तो म्हणाला. "त्याईनं मागायची वाट नाई पाहायची. आपल्या हातानं अंगठी काढून द्यायची. त्याईच्या घरची वस्तू हाय, त्याईच्या घरी जाऊ दे. आचलच्या बोटात ती असली की मले पुढचं कोणाशी बोलताच येत नाई."

पुढचं म्हणजे दुसरं स्थळ. तो शब्द घरात अजून कोणी उच्चारला नव्हता, पण तेरवीपासून तो जेवणाच्या पाटापर्यंत येऊन बसला होता.

"मी दोनदा सांगून पाह्यलं," प्रेरणा म्हणाली. "ती ऐकतच नाई. बाईचं ऐकंल."

दोघांनी सुलोचनाबाईंकडं पाहिलं. ओसरीतल्या आरामखुर्चीत सासरे हिरालाल पेपर घेऊन बसले होते. त्यांनी पान उलटलं. नातीच्या बाबतीत ते असेच गप्प झाले होते.

प्रफुल हा येणाऱ्या पाहुण्यांचा, पुंडलिकरावांचा थोरला. नाचणगावात त्यांचं खताबियाण्यांचं दुकान. दिवाळीनंतर साक्षगंध झालं, वैशाखातली तारीख धरली, आणि मार्गशीर्षातल्या एका संध्याकाळी देवळीहून परतताना त्याची मोटरसायकल कापसानं भरलेल्या ट्रॉलीवर मागून आदळली. ट्रॉलीला मागं दिवा नव्हता.

आचल आतल्या खोलीत पलंगावर पाय वर घेऊन बसली होती. वर्धेच्या एका सराफाकडं ती दागिन्यांची नक्षी काँप्युटरवर काढायची. रोजच्या गाडीनं जायची आणि यायची. महिनाभर गेली नव्हती. डावा हात तिनं गुडघ्यावर ठेवला होता. बोटात ती अंगठी. पांढरट सोन्याचा लांबट चौकोन, त्याच्या कडा पायऱ्यापायऱ्यांच्या, मधोमध हिरा आणि दोन्ही अंगांना निळ्या खड्यांच्या बारीक पट्ट्या. प्रफुलचा पणजा मिलच्या कामासाठी कलकत्त्याला गेला होता, तेव्हा त्यानं आणलेली.

खरं म्हणजे या दोघांची सोयरीक अंगठ्यांनीच जमवली होती. पाहायला आला त्या दिवशी दोघांना बोलायला म्हणून याच खोलीत बसवलं होतं आणि सुलोचनाबाई दाराशी पानाचा डबा घेऊन बसल्या होत्या. पोरगं बिचारं घाबरून काय काम करता, एवढंच विचारत होतं. मग आचलनं त्याला मोबाइलवर जुन्या अंगठ्या दाखवायला सुरुवात केली. ही दीडशे वर्षांपूर्वीच्या इंग्लंडच्या राणीच्या काळची, तिला नवऱ्यानं साखरपुड्याला सापाची अंगठी दिली होती.

"साप?" प्रफुल म्हणाला होता. "अन् तरी ते हो म्हणाली?"

तिथून दोघं हसायला लागले ते थांबेचनात. राणीनंतरच्या जाळीदार, विणलेल्या लेससारख्या. त्यानंतरच्या सरळ रेघांच्या, इमारतींसारख्या. मग लढाई संपल्यावरच्या जाडजूड पिवळ्या सोन्याच्या. आता पुन्हा लोकांना जुनंच हवं असतं, दुकानात आम्ही नव्या अंगठ्या जुन्यासारख्या करून विकतो, असं ती सांगत होती. आणि रेघांच्या अंगठीवर बोट ठेवून तो म्हणाला होता, "अशी आमच्या घरी हाय. माय कपाटात ठेवते." दुसऱ्या दिवशी त्यानं फोटो पाठवला. त्यानंतर रोज संध्याकाळी फोन. आचलनं मग घरातल्याही सगळ्या अंगठ्या बाहेर काढल्या. प्रेरणाची बदामाच्या आकाराची, अमेरिकन डायमंडची, तिच्या लग्नात तीच फॅशन होती. त्यातले दोन खडे केव्हाचेच पडले होते. आणि आजीची, चपट्या चौकाची, हिरव्या मिन्यात, काचेसारख्या रंगात, सोन्याचा 'ह'.

सुलोचनाबाई नातीजवळ टेकल्या.

"ते लोक येऊन राह्यले बाई. बाबा म्हणते, अंगठी काढून ठेव."

आचलनं मान वर केली नाही. "आजी, तुले कोणी सांगितलं होतं का कधी, अंगठी काढून दे म्हणून?"

सुलोचनाबाईंनी तिच्या केसांवरून हात फिरवला आणि उठून बाहेर आल्या.

सांगितलं होतं. सासूबाईंनी सांगितलं होतं. सासूबाईंच्या स्वतःच्या वेळी अंगठीची रीतच नव्हती. साखर, नारळ आणि लुगडं एवढ्यावर लग्न ठरे. सुलोचनाबाईंच्या वेळी मात्र अक्षराच्या अंगठ्यांची टूम निघाली होती. सोन्याचा चपटा चौक, त्यात हिरवा मिना, आणि मिन्यात होणाऱ्या नवऱ्याचं अक्षर. सुलोचनेच्या अंगठीत 'क' होता. सासऱ्यांचा, रामाजींचा थोरला मुलगा कैलास, त्याचा 'क'. साक्षगंधात त्यानं ती बोटात घातली आणि घालताना हळूच म्हणाला होता, सैल होते का. एवढंच बोलणं त्या दोघांत झालं, पण तो आवाज तिच्या कानात राहिला. पावसाळ्यात तो काविळीनं गेला.

मग रामाजी आणि सासूबाई तिच्या माहेरी आले. सून म्हणून एकदा मानली ती मानली, म्हणाले. धाकटा हिरालाल वर्धेला कॉलेजात होता, त्याला बोलावून घेतलं. सासूबाईंनी अंगठी काढून मागितली आणि ती सोनाराकडं गेली. त्यानं वरचा चौक काढून नवा बसवला, मागचं कडं तेच ठेवलं. ती परत आली तेव्हा मिन्यात 'ह' होता. हे धर्मेंद्रला ठाऊक नव्हतं. गावातली ज्यांना ठाऊक होतं ती माणसं एकेक करून गेली. आचलनं दिवाळीत भिंग लावून म्हटलं होतं, "आजी, कडं अन् चौक एका हातचे नाईत," तेव्हा सुलोचनाबाई म्हणाल्या होत्या, "झिजला म्हणून बदलला."

पाहुणे आले. पुंडलिकराव महिनाभरात खांद्यातून खचले होते. आनंदाबाईंनी डोक्यावरचा पदर दातात धरला होता. त्यांच्यामागं धाकटा रुपेश, दाढी वाढलेली, चपला कुठं काढाव्यात हेही न सुचल्यासारखा उंबऱ्यात उभा. आचल बाहेर आली, तशी आनंदाबाईंनी तिला ओढून जवळ बसवलं आणि तिचा हात आपल्या मांडीवर धरून ठेवला. चहा आला, निवला. कोणी चिवडा मागितला नाही.

धर्मेंद्रनं घसा साफ केला. "इवाई, तुमची वस्तू..."

"थांबा," पुंडलिकराव म्हणाले. "आमी वस्तू न्यायले नाई आलो." ते बायकोकडं बघू लागले. "तू सांग न वो. मले नाई जमत."

आनंदाबाईंनी पदर सोडला. "मी रात्रंदिवस येकच इचार करून राह्यली. प्रफुलच्या कपाटात याच पोरीचे फोटो. त्याच्या मोबाइलात हिचा आवाज. तेरवीच्या दिवशी हे माह्या जवळ झोपली होती, तं मले वाटलं माहं लेकरू घरातच हाय. हे गेली तं माहा प्रफुल दुसऱ्यांदा जाईल." त्यांनी आचलचा हात उचलून छातीशी धरला. "अंगठी काढू नका. रुपेश हाय. त्याच्यासाठी मी हात पसरते."

रुपेशनं खाली मान घातली. त्याचे कान लाल झाले होते.

सुलोचनाबाईंना लेकाचा चेहरा दिसत होता. आधी तो दचकला. मग हळूहळू त्याच्या कपाळावरची आठी सुटत गेली. दुसरं स्थळ शोधायचं नाही, कोणाच्या घरी जाऊन पोरीच्या पायगुणाचं ऐकायचं नाही. ओळखीचं घर, चांगली माणसं.

"वय जुळते," तो म्हणाला. "तसं पाह्यलं तं वाईट काई नाई."

"अहो, पण..." प्रेरणा म्हणाली आणि अडली. सकाळपासून तिला ती अंगठी घराबाहेर हवी होती. आता तिनं आनंदाबाईंच्या मांडीवरला लेकीचा हात पाहिला. आपल्या पोरीला इतकं घट्ट धरणारी सासू पुन्हा कुठं भेटेल, हे तिच्या डोळ्यांत सुलोचनाबाईंना सरळ वाचता आलं. "जीव लावतील हे लोक," ती हळू आवाजात म्हणाली. "तिलेच इचारा."

"हाव, तिलेच इचारू," पुंडलिकराव म्हणाले. "जबरदस्ती नाई. बोल बाई."

आचलनं कोणाकडंच पाहिलं नाही. ती बोटातल्या निळ्या पट्ट्यांकडं बघत होती.

"चालते मले," ती म्हणाली.

आनंदाबाई रडायला लागल्या. धर्मेंद्रनं मोठा श्वास सोडला. पण सुलोचनाबाईंनी तो आवाज ओळखला. माहेरच्या स्वयंपाकघरात चुलीपुढं बसून एकोणीस वर्षांच्या सुलोचनेनं अगदी याच आवाजात म्हटलं होतं, चालते. तिला वाटलं होतं, त्याच्या घरात राहायला मिळेल. त्याची खुंटी, त्याची खोली, त्याच्या आईचा हात. त्याच्या भावाबरोबर जन्म काढायचा आहे, हे त्या वेळी ध्यानातच आलं नव्हतं.

त्यांनी आरामखुर्चीकडं पाहिलं. हिरालाल पेपरची घडी घालत होते, कोपऱ्याला कोपरा जुळवून. हा माणूस त्यांना कधी वेडंवाकडं बोलला नव्हता. बाळंतपणात पाणी गरम करून दिलं होतं. आता या वयात, लेकासुनेपुढं, परक्यांपुढं त्याला उघडं पाडायचं? गप्प बसावं, असं त्यांना खरोखर वाटलं. चहाचे कप उचलून आत जावं.

"नाई," त्या म्हणाल्या. "हे नाई होणार."

"आई?" धर्मेंद्र म्हणाला.

"मीबी असंच म्हणाली होती. चालते म्हून." त्या धर्मेंद्रकडं वळल्या. "माहं साक्षगंध तुह्या बाबासंग नवतं झालं. तुह्या मोठ्या बाबासंग झालं होतं, कैलाससंग. तो गेला, अन् मले याईच्या गळ्यात घातलं. माही अंगठी तीच हाय. वरचं अक्षर बदललं."

धर्मेंद्र आईकडं असा बघत राहिला, जणू त्या दुसऱ्याच कोणाच्या आई होत्या. प्रेरणाचा हात तोंडावर गेला. हिरालाल पेपरची घडी मांडीवर ठेवून खाली बघत होते.

"मग तू सुखी नवती का, आजी?" आचलनं विचारलं. पहिल्यांदाच तिनं मान वर केली होती.

हा प्रश्न येईल, हे सुलोचनाबाईंना ठाऊक होतं.

"सुख होतं बाई. लेकरं झाली, दुकान वाढलं. तुह्या आबाजीनं मले कधी दुखवलं नाई, येवढा चांगला माणूस. पण दोघा भावांचा आवाज येकसारखा होता. पुढच्या दारातून हाक आली की माह्या जिवात धस्स व्हायचं, अन् मग दारातून हे यायचे. रोज. हे आले म्हून मले रोज वाईट वाटायचं. किती वर्षं तसं चाललं, मले सांगता नाई येत. जेवाले वाढलं, कपडे धुतले, संग झोपली, पण मी याईले पाह्यलंच नाई. याईच्या मांगं जो उभा होता त्याले पाहत राह्यली." त्यांनी रुपेशकडं बोट केलं नाही, फक्त नजर वळवली. "त्या लेकराचा काय गुन्हा हाय?"

हिरालाल उठले. ते मधल्या घरातून मागच्या अंगणात गेले. दार त्यांनी हलकेच ओढून घेतलं.

मग रुपेशचा घोगरा आवाज आला.

"माय, मी तुले घरीच सांगणार होतो. तू इतकी रडून राह्यली होती, मले बोलता नाई आलं." तो आचलकडं न पाहता बोलत होता. "मी याईले वहिनी म्हणतो. दादानंच सांगितलं होतं, आतापासूनच म्हण म्हून. आता मी दुसरं काय म्हणू?"

आनंदाबाईंनी धाकट्या लेकाकडं पाहिलं. महिन्याभरात त्या त्याच्याकडं पहिल्यांदाच बघत असाव्यात. त्याची वाढलेली दाढी, आत गेलेले डोळे. मग त्यांनी आचलचा हात सोडला.

अंगठी काढायला काही कष्ट पडले नाहीत. आचल इतकी वाळली होती की ती सरकन बोटाबाहेर आली. आनंदाबाईंच्या तळव्यात ठेवून तिनं त्यांची मूठ मिटवली आणि ती दोन्ही हातांत धरून ठेवली.

"आई, हे रुपेशच्या बायकोले नका देजो."

"नाई देणार," आनंदाबाई म्हणाल्या.

पाहुणे निघाले तेव्हा पुंडलिकराव दारात थांबले आणि सुलोचनाबाईंना वाकून नमस्कार करून गेले. त्यांच्यामागून आनंदाबाई गेल्या, त्यांनी वळून पाहिलं नाही. रागावल्या होत्या की आणखी काही, कोण जाणे. धर्मेंद्र त्यांना सोडायला स्टेशनपर्यंत गेला. प्रेरणा लेकीजवळ जाऊन बसली. सुलोचनाबाई मागच्या अंगणात आल्या.

हिरालाल बाजेवर उन्हात बसले होते. पुढ्यात सुपात तुरीच्या हिरव्या शेंगा होत्या. ते सोलत होते, दाणे वाटीत टाकत होते. सुलोचनाबाई बाजेच्या दुसऱ्या टोकाला टेकल्या. त्यांनीही मूठभर शेंगा घेतल्या.

"लोकांसमोर सांगाले नको होतं मी," सोलता सोलता त्या म्हणाल्या.

"सांगाले पाह्यजे होतं." हिरालालांचा आवाज नेहमीसारखाच होता. "पोरगी वाचली."

"तुमाले वाईट वाटलं."

"नवीन काय होतं त्यात? मले मालूम होतं."

"केव्हापासून?"

"पयल्यापासून. मी दुकानातून यायचो तं तुह्या तोंडावर दिसायचं. मी दाराशीच खाकरायचो मंग. कैलासदादा खाकरत नवता. म्हटलं, तुले आधीच समजावं."

सुलोचनाबाईंच्या हातातली शेंग तशीच राहिली. ते खाकरणं त्यांनी सारा जन्म ऐकलं होतं. त्यांना वाटायचं, तंबाखूमुळं. त्या कधी कधी त्यावरून चिडायच्याही.

"बोलले नाई कधी," त्या म्हणाल्या.

"तू तरी कुठं बोलली." त्यांनी दोनचार शेंगा सोलल्या. मग आयुष्यभर जिला धर्मेंद्रची माय म्हणून हाक मारली तिला ते म्हणाले, "मलेबी कोणी इचारलं नवतं, सुलोचना. बाबूजीची तार आली, कॉलेजातून निघालो. इथं आलो तं तारीख धरलेली."

हे त्यांच्या कधी मनातच आलं नव्हतं. आपल्यावर काय गुदरलं, ते त्यांनी इतकी वर्षं जपून ठेवलं होतं. त्याच दिवशी वर्धेच्या कुठल्याशा खोलीत एक एकवीस वर्षांचा पोरगा ट्रंक भरत होता, त्याच्याही मनात काही असू शकेल, हे त्यांनी एकदाही स्वतःला विचारलं नव्हतं. सुलोचनाबाईंनी त्यांच्याकडं पाहिलं. पांढऱ्या भुवया, हनुवटीवरचा जुना व्रण, नखात अडकलेली तुरीची हिरवी साल. आवाज सोडला, तर दोघा भावांत काहीच सारखं नव्हतं.

"कोणी होती का?" त्यांनी विचारलं.

हिरालालांनी वाटीतले दाणे हातानं सारखे केले. "होती."

"नाव काय तिचं?"

ते सुपातल्या शेंगा चाळत राहिले. विसरले असतील, असं सुलोचनाबाईंना वाटलं, आणि लगेच कळलं की विसरलेले नाहीत.

"राहू दे ते," हिरालाल म्हणाले. "तू माह्या मांगं येकाले उभं ठेवलं होतं. आता आणखी येकीले कायले उभी करतं?"

त्यांनी सूप दोघांच्या मधोमध सरकवलं. सुलोचनाबाईंनी पुन्हा विचारलं नाही. शेंगा संपल्या तरी दोघं तिथंच बसून होते, आणि ऊन बाजेवरून उतरून भिंतीकडं गेलं.